चाकांवरच्या घरातील वीज

आज मी आपल्याला एका सॉकेटाची हकीकत सांगणार आहे. कोणी म्हणेल, सॉकेट बंद पडले तर वायरमनला बोलवावे. त्यात भाषण करण्यासारखे काय आहे? एरवी मीही असेच म्हटले असते. परंतु हे सॉकेट भिंतीतले नव्हते. ते चाकांवर चालणाऱ्या घरातले होते आणि त्याच्या भरवशावर माझ्या पत्नीचे औषध होते. शिवाय, पस्तीस वर्षे इंदूरच्या एका महाविद्यालयात मी ज्या ओहमच्या नियमाची घोकंपट्टी करून घेतली, तोच नियम मला बेळगावच्या एका तरुण कारागिराकडून नव्याने शिकावा लागला, हाही या हकिकतीचा एक भाग आहे.

माझ्या पुतण्याने एक जुनी मालवाहू व्हॅन विकत घेऊन तिच्यात राहण्याची सोय करवून घेतली आहे. दोन माणसांना निजता येईल असा बाक, लहानसा ओटा, पाण्याची टाकी, चार दिवे आणि या सर्वांना वीज पुरवणारी, बाकाखाली ठेवलेली एक स्वतंत्र बॅटरी. अशा गाडीला हल्ली कॅम्पर व्हॅन म्हणतात. गेल्या हिवाळ्यात, "काका, काकूंना घेऊन गोव्याला जाऊन या," असा आग्रह धरून त्याने किल्ली माझ्या हाती दिली.

पत्नीला मधुमेह आहे. वापरात असलेले इन्सुलिनचे पेन काही आठवडे खोलीच्या तापमानात चालते. परंतु न उघडलेल्या कुप्या २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवाव्या लागतात. त्यांना ऊब सोसत नाही आणि गोठणे तर मुळीच सोसत नाही. त्यासाठी गाडीत एक छोटी शीतपेटी होती आणि ती बाकाजवळच्या सॉकेटात लावलेली असे.

हे सॉकेट आपल्या घरातल्यासारखे तीन भोकांचे नसते. मोटारीत विडी पेटवण्याच्या लायटरसाठी जी गोल खोबण असते, तीच ही. तिच्या तळाशी मध्यभागी असलेला धातूचा ठिपका म्हणजे धन टोक, आणि भोवतालचे धातूचे नळकांडे म्हणजे ऋण टोक. लायटरचे वेटोळे लाल होईपर्यंत काही क्षण प्रवाह द्यावा, एवढ्याच कामासाठी ही खोबण जन्माला आली. आज आपण तिच्यावर शीतपेट्या, पंप आणि पंखे तासन् तास चालवतो. आतील प्लग केवळ स्प्रिंगच्या जोरावर टेकलेला असतो. गाडी खडखडली की तो सैल होतो. म्हणजे मुळातच हे नाजूक प्रकरण आहे, ही पहिली गोष्ट ध्यानात ठेवावी.

दुसरी गोष्ट दाबाची, म्हणजे ज्याला आपण व्होल्टेज म्हणतो त्याची. घरात तो २३० व्होल्ट असतो, गाडीत १२. बारा व्होल्टांचा झटका बसत नाही, म्हणून माणूस निर्धास्त होतो. परंतु हिशेब करून पाहा. १५० वॅटचे एखादे यंत्र घरच्या दाबावर जेमतेम पाऊण अँपियरहून कमी प्रवाह घेते. तेच यंत्र १२ व्होल्टांवर साडेबारा अँपियर मागते. प्रवाह सुमारे एकोणीस पट झाला. आणि तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे त्याच तारेत ती सुमारे साडेतीनशे पट होते. जेम्स जूल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४१ साली हा नियम प्रसिद्ध केला. तेव्हा गाडीतली वीज अंगाला झटका देत नसली, तरी आग लावण्याच्या कामी ती घरच्या विजेपेक्षा कमी पडत नाही.

आता प्रवासाकडे वळू. इंदूरहून निघून सेंधवा ओलांडून आम्ही धुळ्याच्या अलीकडे आलो, तेव्हा एका चाकातील हवा उतरलेली दिसली. गाडीत हवा भरण्याचा १५० वॅटचा विजेचा पंप होता. शीतपेटी बंद करणे जिवावर आले, म्हणून मी दुतोंडी प्लग लावून पेटी आणि पंप एकाच सॉकेटावर चालू केले. पेटीचे चार अँपियर आणि पंपाचे साडेबारा मिळून सोळांच्या वर प्रवाह झाला. फ्यूज होता दहाचा. तो जळाला, आणि तेच त्याचे कर्तव्य होते.

वाटेवरच्या एका दुकानातील माणसाने तांबडा फ्यूज उपसून हिरवा बसवला आणि म्हणाला, "आता काही जळायचं नाही, साहेब." मोटारीतील या चपट्या फ्यूजांचा रंग त्यांची शक्ती सांगतो : तांबडा १०, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३० अँपियर. हे मला ठाऊक होते. तरीही शीतपेटी घुमू लागल्याचा आवाज ऐकला आणि मी पैसे देऊन पुढे निघालो. त्या माणसाला मी दोष देत नाही. तो मी स्वतःकडे घेतो.

फ्यूज कशासाठी असतो, याबद्दल आपल्याकडे एक गैरसमज रूढ आहे. तो यंत्राच्या रक्षणासाठी असतो असे आपण समजतो. वास्तविक तो तारेचा पहारेकरी आहे. तारेला सोसेल त्यापेक्षा अधिक प्रवाह वाहू लागला, तर तार तापण्यापूर्वी त्याने वितळावे, अशी योजना असते. शंभर अँपियर-तासांची बॅटरी तारा एकमेकींना चिकटल्या तर काही शे अँपियर प्रवाह देऊ शकते. दहाच्या जागी तीसचा फ्यूज घालणे म्हणजे पहारेकऱ्याला सुट्टी देऊन दार उघडे टाकणे होय. त्यानंतर जे जळायचे असते ते फळीमागची तार जळते.

पुण्यावरून साताऱ्याकडे जाताना पुन्हा पंप लावला, तेव्हा तो कण्हत होता. मला वाटले, पंप जुना झाला. कोल्हापूर सोडल्यावर रात्री निपाणीनजीक एका पेट्रोलपंपाच्या आवारात मुक्काम केला. पहाटे पत्नीने मला हलवले. "अहो, उठा बघू. काहीतरी जळकट वास येतोय, आणि पेटीचा आवाज मघापासून बंद आहे." मी उठून पाहिले. पेटीतील तापमापक १४ अंश दाखवत होता. पेटी क्षणभर घुमे, लगेच थांबे, पुन्हा घुमे. वास नेमका कोठून येतो हे कळेना. पण प्लग उपसला, फ्यूज काढून ठेवला आणि उरलेली रात्र दार उघडे ठेवून आम्ही बसून काढली. कुप्या ओल्या फडक्यात गुंडाळून वाऱ्याला ठेवल्या. ओले फडके वाळताना आतील उष्णता घेऊन जाते, तेवढाच आधार.

सकाळी बेळगावला माझ्या मेहुण्यांच्या घरी पोहोचलो. कुप्या त्यांच्या शीतकपाटात गेल्या. डॉक्टरांना विचारून त्यांच्यावर तारीख घातली आणि त्या आधी वापरायच्या असे ठरले. आता घाई उरली नव्हती. हे मुद्दाम सांगतो, कारण विजेचे दोष घाईत शोधले की माणूस हिरवा फ्यूज बसवून मोकळा होतो.

मी माझा मल्टिमीटर काढला. बॅटरीवर १२.६ व्होल्ट भरले. विश्रांती घेत असलेली, पुरी भरलेली शिशाची बॅटरी एवढाच दाब दाखवते. तिच्यात दोष नाही. क्षणभर फ्यूज लावून सॉकेटात मीटरची टोके घातली. १२.५ व्होल्ट. म्हणजे सॉकेटही निर्दोष! मग शीतपेटीच बिघडली, असा निष्कर्ष काढून मी मोकळा झालो. मेहुण्यांनी गल्लीतल्या एका तरुण मोटार-वायरमनला बोलावले होते. तो माझे सर्व विवेचन शांतपणे ऐकून म्हणाला, "काका, रिकाम्या सॉकेटला काय विचारतासा? त्याच्यावर ओझं टाका की. मग बघा खरं बोलतंय का ते."

त्याने आपल्या पिशवीतून मोटारीच्या पुढच्या दिव्याचा एक ५५ वॅटचा बल्ब काढला. त्याला दोन तारा जोडलेल्या होत्या. सॉकेट फळीतून बाहेर ओढून त्याने बल्ब मागच्या टोकांना जोडला. बल्ब लागला, पण पिवळट, मलूल. "आता लावा मीटर." मी लावला. ९.६ व्होल्ट! एवढ्या कमी दाबावर शीतपेटी बॅटरीचे रक्षण करण्यासाठी आपण होऊन बंद पडते. ती रात्रभर तेच करीत होती. पेटी निर्दोष होती.

श्रोतेहो, त्या क्षणी मला माझा वर्ग आठवला. जॉर्ज ओहम या जर्मन शिक्षकाने १८२७ साली आपला नियम प्रसिद्ध केला : रोधातून प्रवाह वाहिला, तर प्रवाह गुणिले रोध एवढा दाब तेथे खर्ची पडतो. प्रवाहच नसेल तर काहीच खर्ची पडत नाही. मीटर जवळजवळ काहीच प्रवाह घेत नाही; त्यामुळे वाटेत कितीही गंजलेला सांधा असला तरी रिकाम्या सॉकेटावर दाब पुरेपूर दिसतो. आपल्या घरच्या नळाचे असेच असते. नळी गाळाने भरलेली असली, तरी तोटी बंद असताना दाब पूर्ण असतो. तोटी उघडली की करंगळीएवढी धार लागते. हे उदाहरण मी प्रत्येक वर्षी फळ्यासमोर उभा राहून दिले होते. स्वतःच्या गाडीत मात्र मी तोटी उघडलीच नाही.

आता प्रश्न असा, की बॅटरीपासून सॉकेटापर्यंतच्या वाटेत हा दाब कोठे हरवला? त्याची युक्ती सोपी आहे आणि ती कोणालाही करता येते. प्रवाहाची वाट दोन भागांची असते. बॅटरीच्या धन टोकापासून सॉकेटाच्या मध्यापर्यंत, आणि सॉकेटाच्या नळकांड्यापासून परत बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत. बल्ब पेटता ठेवून मीटरचे एक टोक बॅटरीच्या धन टोकावर आणि दुसरे, लांब तार जोडून, सॉकेटाच्या धन टोकावर ठेवावे. धडधाकट तारेच्या दोन्ही टोकांत दाबाचा फरक जवळजवळ शून्य असला पाहिजे. आमच्याकडे तो ०.८ व्होल्ट निघाला. मग तीच तपासणी ऋण बाजूस केली. तेथे २ व्होल्ट! भाराखाली बॅटरीचा दाब १२.४ होता, त्यातून हे दोन्ही वजा केले की ९.६ उरतात. हिशेब पुरा जुळला. दोष सॉकेटात नव्हताच. तो वाटेत होता, आणि त्याचा मोठा वाटा परतीच्या वाटेवर होता.

मोटारीत बहुधा ऋण बाजूला स्वतंत्र तार ओढत नाहीत. गाडीचा लोखंडी सांगाडाच परतीची वाट म्हणून वापरतात. ऋण तार एका स्क्रूने सांगाड्यावर आवळली की काम झाले. फळी उघडल्यावर तो स्क्रू सापडला. ज्याने जोडणी केली त्याने पत्र्यावरचा रंग न खरवडताच तो बसवला होता, आणि पाण्याच्या टाकीची ओल लागून त्याच्याभोवती गंज चढला होता. २ व्होल्ट गुणिले साधारण ४ अँपियर म्हणजे ८ वॅट उष्णता त्या एका स्क्रूच्या डोक्याखाली सतत निर्माण होत होती. पंप चालू असताना काय होत असेल याची कल्पना करावी.

धन बाजूला दुसरेच दृश्य होते. पाऊण चौरस मिलिमीटर जाडीची बारीक तार, आणि वाटेत तिचा पीळ मारून वर चिकटपट्टी गुंडाळलेला सांधा. ती पट्टी काळी होऊन आक्रसली होती आणि मागच्या प्लायवुडवर रुपयाएवढा करपलेला डाग पडला होता. त्याच फळीला उशी टेकून आम्ही तीन रात्री निजलो होतो. पत्नी बराच वेळ त्या डागाकडे पाहत होती. मग एवढेच म्हणाली, "तुमचा तो हिरवा फ्यूज देऊन टाका बाई कुणाला तरी." त्या तरुणाने तो पकडीत धरून मोडला आणि कचऱ्यात टाकला.

पुढे नवी जोडणी कशी केली ते क्रमाने सांगतो. सर्वप्रथम बॅटरीचे ऋण टोक सोडवले. तेच आधी का सोडवावे? कारण सांगाडा ऋण असतो. धन टोक सोडवताना पाना चुकून सांगाड्याला लागला तर लोखंड वितळवील एवढी ठिणगी उडते. ऋण आधी सुटलेले असले म्हणजे हे भय नाहीसे होते. हातातील अंगठी व घड्याळही त्या मुलाने मला काढून ठेवायला लावले.

बाजारात जिला 'चार एमएमची तार' म्हणतात, ती चार चौरस मिलिमीटरची, अनेक बारीक धाग्यांची लवचीक तांब्याची तार आम्ही घेतली. एकेरी अंतर चार मीटर. परंतु प्रवाहाला जाऊन परत यावे लागते, म्हणून हिशेब आठ मीटरांचा धरायचा. अशा तारेचा आठ मीटरांचा रोध सुमारे ०.०३४ ओहम भरतो. दहा अँपियर वाहिले तरी फक्त एक-तृतीयांश व्होल्ट खर्ची पडतो. जुन्या बारीक तारेत त्याच्या पाचपटींहून अधिक पडला असता. या वेळी सांगाड्याच्या भरवशावर न राहता तांबड्या तारेबरोबर काळी तारही थेट बॅटरीपर्यंत नेली.

टोकांना तारेच्या मापाची थिंबले घालून ती दाबयंत्राने दाबली आणि प्रत्येक सांधा जोराने ओढून पाहिला. मी विचारले, डाग का देत नाहीस? तो म्हणाला, गाडी हादरते; कथील जेथे संपते तेथे तार ताठ होते आणि वाकून वाकून तुटते. उत्तर शास्त्रशुद्ध होते. तार पत्र्याच्या भोकातून जाते तेथे रबरी कडे बसवले, नाहीतर पत्र्याची धार हळूहळू वेष्टन कापते. वीतवीतभर अंतरावर चिमटे मारून तार बांधून टाकली, म्हणजे ती लोंबकळणार नाही आणि घासणार नाही.

शेवटी फ्यूज. पूर्वी तो सॉकेटाजवळ होता. म्हणजे बॅटरीपासून तेथपर्यंतची सारी तार बिनपहाऱ्याची होती. आता तो बॅटरीपासून वीतभर अंतरावर, धन तारेत बसवला. नवी तार अधिक प्रवाह सोसू शकते, मग फ्यूजही मोठा का नको, असे वाटेल. परंतु तार, सांधे आणि सॉकेट यांत जे सर्वांत दुबळे असेल, त्याच्या शक्तीचा फ्यूज घालावा. सॉकेटावर १० अँपियर कोरलेले होते. तेव्हा पुन्हा तांबडाच फ्यूज आला. हवेच्या पंपासाठी त्या मुलाने बॅटरीवर थेट लावायचे दोन चिमटे आणि त्या तारेत तिचा स्वतःचा फ्यूज, अशी वेगळी सोय करून दिली. दुतोंडी प्लग मी मेहुण्यांच्या अडगळीत ठेवून दिला.

मग ऋण टोक पुन्हा जोडून तोच बल्ब लावला. बॅटरीवर १२.४, सॉकेटावर १२.२. बल्ब पांढराशुभ्र जळत होता. पाव तास तो तसाच ठेवून आम्ही प्रत्येक सांध्याला हात लावून पाहिला. एकही तापला नव्हता. त्यानंतरच फळी बंद केली. दुसऱ्या दिवशी चोर्ला घाट उतरून गोव्यात शिरल्यावर सर्व स्क्रू पुन्हा एकदा आवळून पाहिले. शीतपेटी ५ अंशांवर होती.

एक इशारा मात्र दिला पाहिजे. मी जे सांगितले ते १२ व्होल्टांच्या बाजूपुरते आहे. अशा पुष्कळ गाड्यांत मुक्कामाच्या ठिकाणी बाहेरून घरगुती वीज घेण्याची, किंवा बॅटरीवरून इन्व्हर्टरने २३० व्होल्ट तयार करण्याची सोय असते. त्या बाजूचे सॉकेट बिघडले तर बाहेरची तार उपसावी, इन्व्हर्टर बंद करावा आणि परवानाधारक वायरमनला बोलवावे. गाडीचा सांगाडा लोखंडी आहे. त्यात फेज उतरली तर दाराच्या मुठीलाही झटका बसेल. तेथे नीट जोडलेली अर्थिंग आणि ३० मिलिअँपियरची गळती ओळखून वीज तोडणारा खटका या दोन्ही गोष्टी असल्याच पाहिजेत. आणखी एक गोष्ट. आपल्या घरांच्या जुन्या वायरिंगमध्ये तांबडी तार फेजची आणि काळी न्यूट्रलची असते. गाडीच्या बारा व्होल्टांतही तांबडी व काळीच असतात. नुसत्या रंगावर विश्वासून कोणतीही तार हाती धरू नये.

आपल्यापैकी प्रत्येकाकडे कॅम्पर व्हॅन असेल असे नाही. परंतु मोटार असेल, दुकानाची गाडी असेल, अंगणात सौर दिव्याची बॅटरी असेल. त्यांतील एखादा फ्यूज वारंवार जळू लागला, तर मोठा फ्यूज आणण्यापूर्वी तो का जळतो ते विचारा. आणि दिवा मंद झाला, तर रिकाम्या सॉकेटाच्या साक्षीवर विसंबू नका. त्याच्यावर ओझे टाकून पाहा.

त्या मुलाने मजुरी बेताचीच घेतली. निघताना त्याने तो ५५ वॅटचा बल्ब, दोन्ही तारांसकट, माझ्या हातात ठेवला. "असू द्या काका, वाटेत लागेल." महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत मी पुष्कळ मौल्यवान उपकरणे हाताळली. आज माझ्या मेजावर तो बल्ब आहे.